कारखान्यातला मेल सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि उद्यमनगर या पट्ट्यात मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारा बहुधा एकटाच असतो. सीसीटीव्ही, बायोमेट्रिक, टॅली आणि प्रिंटरही त्याच्याच गळ्यात असतात. त्याला डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. उदाहरणं बहुतेक झिंब्रा या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची आहेत, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी येतो. तुमच्याकडे पोस्टफिक्स (मेलची ने-आण), डव्हकॉट (मेलबॉक्स) आणि राउंडक्यूब (वेबमेल) अशी जोडणी असली तरी बरंचसं लागू पडेल, कारण झिंब्राच्या पोटातही मेलची ने-आण पोस्टफिक्सच करतं.

स्वतःचा सर्व्हर ठेवण्यात आता काही राम आहे का?

वीस-पंचवीस खाती असतील तर नाही. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो यांपैकी काहीतरी घ्या आणि रात्री झोपा. खाती शेकड्यांत गेली आणि त्यातली निम्मी शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरांची असली, की हिशोब बदलतो. दिवसाला चार मेल बघणाऱ्या माणसासाठी दर महिन्याला खात्यामागे भाडं भरणं मालकांच्या जिवावर येतं. तिथे स्वतःचा सर्व्हर परवडतो.

मधला मार्गही आहे: डायरेक्टर, एक्स्पोर्ट आणि अकाउंट्स क्लाउडवर, बाकीचे आपल्या सर्व्हरवर, डोमेन एकच. हे चालतं, पण कोणतं खातं कुठे आहे याची यादी दोन्हीकडे अद्ययावत ठेवावी लागते. नाहीतर नवीन माणसाचा मेल दोन सर्व्हरमध्ये गोल फिरत राहतो आणि शेवटी 'टू मेनी हॉप्स' म्हणून परत येतो.

आणि मालकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी स्टॅटिक आयपी, यूपीएस, दुसऱ्या ठिकाणचा बॅकअप आणि बघणारा माणूस फुकट मिळत नाही.

आमचं झिंब्रा ८.८.१५ वर आहे. व्यवस्थित चाललंय, मग बदलायचं कशाला?

त्या आवृत्तीचा सर्वसाधारण सपोर्ट ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. 'चाललंय की' हे खरं असेल, पण ते तुमच्यासाठी चाललंय तसं आत शिरणाऱ्यासाठीही चाललेलं असू शकतं.

२०२२ मध्ये झिंब्रात एक भोक सापडलं होतं. मेल तपासणारं अमाविस आलेली अर्काइव्ह फाइल उघडायला सीपीआयओ वापरायचं, आणि खास बनवलेली फाइल पाठवली की सर्व्हरवर हवी तिथे फाइल लिहिता यायची. कोणी क्लिक करायची गरज नव्हती, मेल आला की झालं. उपाय एका ओळीचा होता: पॅक्स नावाचं पॅकेज टाका आणि झिंब्रा रीस्टार्ट करा. २०२४ मध्ये पोस्टजर्नल सर्व्हिसमधलं भोक निघालं. तिथे मेलच्या सीसीमध्ये पत्त्याच्या जागी कमांड लिहून पाठवायचे. पॅच आलेला होता, तो न लावलेले सर्व्हर सापडले.

नवव्या आवृत्तीपासून कंपनी मोफत वापरणाऱ्यांना तयार पॅकेज देत नाही, फक्त सोर्स देते. इतरांनी बांधलेली पॅकेजेस मिळतात, पण ती कोणी बांधली आणि पॅच किती दिवसांत येतो हे बघूनच हात घाला. मायक्रोसॉफ्टचा एक्सचेंज हा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांनाही सुटका नाही. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्वतःच्या जागेत एक्सचेंज ठेवायचंच असेल तर पुढचा रस्ता सबस्क्रिप्शन एडिशनचा.

मेल जातो, पण ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडतो. आमचं चुकतंय कुठे?

सर्व्हरला हात लावण्याआधी एक काम करा. कारखान्याच्या खात्यातून स्वतःच्या जीमेलवर मेल पाठवा, तो कॉम्प्युटरवर उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतलं 'शो ओरिजिनल' दाबा. वरच्या छोट्या तक्त्यात एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) या तीन ओळींपुढे पास की फेल लिहिलेलं असतं. दहातल्या आठ तक्रारींचं मूळ तिथेच दिसतं. हे न बघता स्पॅमअसॅसिनचे आकडे बदलत बसण्यात अर्थ नाही. ते आत येणारे मेल तपासतं, तुमची तक्रार बाहेर जाणाऱ्यांची आहे.

सुरुवात पीटीआर रेकॉर्डपासून करा, कारण तोच सर्वांत जास्त विसरला जातो. आयपीवरून नाव शोधलं तर तुमच्या मेल सर्व्हरचं नाव यायला हवं, आणि त्या नावावरून शोधलं तर तोच आयपी. हा रेकॉर्ड तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये नसतो, इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या हातात असतो. लाइन घेताना गोड बोलणारा सेल्समन पीटीआरचं नाव काढलं की 'बॅकएंडला टाकतो' म्हणतो. लेखी मेल करा, त्यात आयपी आणि हवं ते नाव स्पष्ट लिहा, झाल्यावर स्वतः तपासा. साधं ब्रॉडबँड असेल तर बऱ्याचदा बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्टच बंद असतो. तिथे डोकं आपटू नका, बाहेर जाणारे मेल एखाद्या रिले सेवेतून पाठवा.

मग एसपीएफ. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड असतो. पहिल्या व्हेंडरने एक टाकला, वेबसाइटवाल्याने दुसरा टाकला, की दोन्ही बाद होतात आणि निकाल 'पर्मएरर' येतो. दुसरी मर्यादा दहाची: एसपीएफ तपासताना डीएनएसमध्ये दहापेक्षा जास्त शोध घ्यावे लागले तरीही पर्मएरर. पगारपत्रक पाठवणारी सेवा, वेबसाइटचा फॉर्म, जुना बल्क मेलवाला, असे एकेक इन्क्लूड (दुसऱ्याची यादी आपल्यात जोडणारी नोंद) साठत जातात आणि त्यांच्या पोटात आणखी इन्क्लूड असतात. वर्षातून एकदा यादी घेऊन बसा. ज्यांचं बिल भरणं बंद झालंय त्यांचं नावही काढा.

डीकेआयएमची की झिंब्रात झेडएम-डीकेआयएम-की-यूटिल या कमांडने तयार होते. २०४८ बिटची की २५५ अक्षरांत मावत नाही आणि टीएक्सटी रेकॉर्डमधला एक तुकडा तेवढाच असतो. म्हणून ती अवतरणांत दोन तुकड्यांत टाकावी लागते. काही पॅनेल हे आपोआप करतात, काही न सांगता शेपूट कापतात. टाकल्यावर बाहेरून वाचून शेवटची दहा-बारा अक्षरं मूळ कीशी ताडून बघा.

डीमार्क शेवटी आणि सावकाश. आधी पॉलिसी 'नन' ठेवा, रिपोर्ट यायला पत्ता द्या आणि काही आठवडे नुसते बघा. तेव्हा कळतं की अकाउंट्समधलं झेरॉक्स मशीन थेट स्कॅन पाठवतंय आणि कॅन्टीनच्या कुपनचं सॉफ्टवेअरही तुमच्याच नावाने मेल करतंय. ते सगळे रांगेत आले की 'क्वारंटाइन', मग 'रिजेक्ट'. पहिल्याच दिवशी रिजेक्ट टाकून मोकळं होणाऱ्यांना दुपारपर्यंत फोन उचलता येत नाही.

गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम, योग्य पीटीआर आणि टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन) हवं. दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली. तुम्ही पाच हजार पाठवत नसाल, तरी तिन्ही करून टाका.

क्यूमध्ये (पाठवायच्या रांगेत) हजारो मेल साठलेत. सगळे उडवू का?

थांबा. उडवले तर कोणी पाठवले याचा पुरावाही जातो, आणि दहा मिनिटांत क्यू परत भरते.

क्यूची यादी काढा आणि एकच मेल निवडा. त्याचा क्यू आयडी घेऊन पोस्टकॅट या कमांडने तो उघडा. विषय लॉटरीचा किंवा 'पेमेंट अॅडव्हाइस'चा असेल तर खातं फुटलंय, म्हणजे कोणाचा तरी पासवर्ड बाहेरच्याच्या हाती गेलाय. आता लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) तोच आयडी शोधा. एका ओळीत 'एसएएसएल युझरनेम' असं लिहिलेलं सापडेल, त्यापुढचं नाव म्हणजे तुमचं फुटलेलं खातं. पाठवणाऱ्याच्या जागी भलताच पत्ता असतो, त्याला भुलू नका. त्याच ओळीत आयपी असतो. तो परदेशातला निघाला आणि खातं आपल्या स्टोअरकीपरचं असलं, तर आणखी विचारायचं काही उरत नाही.

आधी खातं लॉक करा, मग पासवर्ड बदला. नुसता पासवर्ड बदलून आधीपासून उघडी असलेली सेशन लगेच संपतील असं धरू नका, तीही रद्द करा. त्यानंतर त्या खात्याचे फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघा. हे बहुतेक जण विसरतात. आत शिरलेला माणूस जाताना 'इन्व्हॉइस' शब्द असलेले मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारा नियम लावून जातो, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम आपलं काम करत राहतो. हे झालं की क्यूमधले फक्त त्या खात्याचे मेल काढा. बाकीच्यांत तुमच्या डिस्पॅचचे खरे मेल अडकलेले असतात.

पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी करा. लॉगिन एका नावाने आणि 'फ्रॉम' दुसऱ्याच पत्त्याचा असा मेल सर्व्हरने नाकारला पाहिजे. पोस्टफिक्समध्ये 'सेंडर लॉगिन मिसमॅच'चा नियम त्यासाठीच आहे. आणि तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा. झिंब्रासोबत पॉलिसीडी येतं, फक्त ते मुद्दाम चालू करावं लागतं. मार्केटिंगवाले कुरकुर करतील, त्यांना वेगळी सेवा घेऊन द्या.

कोणती प्लगिन टाकावीत?

माझं मत विचाराल तर जितकी कमी तितकी बरी. आज हौसेने टाकलेलं प्रत्येक प्लगिन पुढच्या अपग्रेडला तुमची वाट अडवून उभं असतं. आणि 'प्लगिन' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे वेबमेलच्या पडद्यावर बटण किंवा खिडकी वाढवणारं: झिंब्राचे झिमलेट, राउंडक्यूबची बरीचशी प्लगिन. हे बिघडलं तर बटण चालत नाही, मेल येत राहतो. दुसरं मेलच्या वाटेवर बसतं: मिल्टर (मेल चाळणारा जोड प्रोग्रॅम), व्हायरस स्कॅनर, तळाला मजकूर जोडणारं. हे बिघडलं तर मेल थांबतो, किंवा तपासणी न होता आत जातो.

म्हणून मिल्टर बसवताना पहिला प्रश्न विचारायचा: हे बंद पडलं तर काय होईल? पोस्टफिक्समध्ये ते ठरवता येतं. 'अॅक्सेप्ट' ठेवलं तर मेल तसाच आत येतो, 'टेम्पफेल' ठेवलं तर पाठवणाऱ्या सर्व्हरला 'जरा वेळाने ये' सांगितलं जातं. टेम्पफेल ठेवा. पाठवणारा पुन्हा प्रयत्न करतोच, तेवढ्या वेळात तुमचं मिल्टर उभं राहतं.

झिमलेट बसवताना क्लास ऑफ सर्व्हिसचा (खात्यांच्या एका गटाला एकसारखी सेटिंग देण्याच्या सोयीचा) उपयोग करून घ्या. दोन-तीन माणसांचा वेगळा गट करा, नवीन झिमलेट फक्त त्यांना द्या, आठवडाभर वापरू द्या, मग सगळ्यांना. आणखी एक गोष्ट: क्लासिक वेबमेलसाठी लिहिलेले झिमलेट मॉडर्न वेबमेलवर चालत नाहीत. अपग्रेडनंतर 'आमचं बटण गेलं' हा फोन त्यामुळेच येतो. बटण परत आणायला जुनी आवृत्ती आणू नका, एवढी विनंती.

राउंडक्यूबमध्ये खरी गरज दोनच प्लगिनची असते. 'मॅनेजसिव्ह'ने लोक आपापले फिल्टर लावतात, त्यासाठी डव्हकॉटची मॅनेजसिव्ह सर्व्हिस पोर्ट ४१९० वर चालू हवी. 'पासवर्ड'ने लोक स्वतः पासवर्ड बदलतात, म्हणजे तुमचे निम्मे फोन वाचतात. पण राउंडक्यूब स्वतःच जुनं असेल तर प्लगिन निवडून काय करणार? जून २०२५ मध्ये जे मोठं भोक जाहीर झालं ते १.६.११ आणि १.५.१० मध्ये बुजवलं. त्यात एका साध्या खात्याचं लॉगिन मिळालं तरी सर्व्हरवर कमांड चालवता यायची.

ग्रेलिस्टिंगबद्दल लोक मोठ्या आशेने विचारतात. अनोळखी सर्व्हरचा पहिला मेल थोडा वेळ परत पाठवायचा, स्पॅमवाला परत येत नाही, खरा येतो. कल्पना चांगली आहे. पण मोठे पुरवठादार दर वेळी वेगळ्या आयपीवरून येतात, म्हणून त्यांनाही पुन्हा पुन्हा ताटकळावं लागतं. बँकेचा ओटीपी मेलवर येणार असेल तर अकाउंटंट तुमच्या टेबलापाशी येऊन उभा राहील.

सुट्टीचा ऑटो-रिप्लाय लावलाय, पण जातच नाही.

डव्हकॉट असेल तर नव्वद टक्के वेळा फिल्टर आणि ऑटो-रिप्लायचे नियम चालवणारं सिव्ह प्लगिन चुकीच्या जागी चढवलेलं असतं. ते मेल वाचायला देणाऱ्या आयमॅपच्या भागात लिहून उपयोग नाही, मेल प्रत्यक्ष मेलबॉक्समध्ये टाकणाऱ्या एलएमटीपीच्या भागात हवं. डव्हकॉट २.४ वर गेला असाल तर कॉन्फिगरेशनची मांडणीच बदलली आहे, २.३ ची फाइल जशीच्या तशी चालत नाही.

सगळं बरोबर असूनही जात नसेल तर दोन नियम लक्षात घ्या. एकाच माणसाला ठरावीक मुदतीत एकदाच उत्तर जातं, सिव्हमध्ये ही मुदत साधारण सात दिवसांची असते. म्हणून आपल्याच जीमेलवरून दोनदा मेल करून तपासलं तर दुसऱ्यांदा काही येत नाही. आणि मेल 'परचेस'सारख्या एलियसवर (तुमच्याच मेलबॉक्समध्ये येणाऱ्या दुसऱ्या पत्त्यावर) आलेला असेल तर सिव्ह गप्प बसतं, जोपर्यंत तो एलियस तुमचाच पत्ता आहे हे त्याला सांगितलेलं नसतं.

पंचवीस एमबीची मर्यादा ठेवलीय, तरी वीस एमबीचं ड्रॉइंग जात नाही.

मेलमधून फाइल जाताना ती बेस६४ मध्ये बदलते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. वीसचे सत्तावीस होतात. शिवाय मर्यादा एका जागी नसते: पोस्टफिक्सची वेगळी, वेबमेलवर फाइल चढवायची वेगळी, राउंडक्यूब असेल तर पीएचपीच्या दोन आणि पुढे एनजिनएक्स असेल तर त्याची एक. सगळीकडे आकडा वाढवला तरी समोरच्याची मर्यादा तुमच्या हातात नाही.

फाउंड्रीची थ्रीडी मॉडेल मेलने पाठवायची सवय मोडा. लिंक पाठवा, तिला पासवर्ड आणि मुदत ठेवा. कास्टिंगचं ड्रॉइंग म्हणजे ग्राहकाची मालमत्ता आहे, ते दहा जणांच्या इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहणं त्यालाही आवडणार नाही.

डिस्कवर जागा दिसतेय, तरी सर्व्हर 'इन्सफिशियंट सिस्टिम स्टोरेज' म्हणतो.

दोन कारणं बघा. पोस्टफिक्स नवीन मेल घेताना मोकळी जागा मेलच्या कमाल आकाराच्या दीडपट आहे का ते बघतं. कोणीतरी जोशात येऊन मर्यादा काही जीबी केली असेल तर सात-आठ जीबी मोकळे असूनही ते 'जागा नाही' म्हणेल. दुसरं कारण आयनोड, म्हणजे फाइलमागे एक अशा डिस्कवरच्या मोजक्या नोंदी. प्रत्येक मेल ही एक वेगळी फाइल असते, आणि लाखो बारीक फाइलींनी जागेआधी आयनोड संपतात. डीएफ कमांडला 'आय'चं फ्लॅग देऊन बघा. बहुतेक वेळा एखाद्या मशीनच्या अलार्मचे मेल कोणी न वाचलेल्या खात्यात साठलेले सापडतात.

मराठी मेलमध्ये चौकोन किंवा 'भलतंच इंग्रजी' दिसतं.

चौकोन दिसत असतील तर त्या कॉम्प्युटरवर देवनागरी फॉन्ट नाही, सर्व्हरचा संबंध नाही. भलतंच इंग्रजी दिसत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. साखर कारखान्यांच्या ऑफिसांत आणि प्रेसमध्ये अजूनही श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं असतात. ती कॉपी करून मेलमध्ये चिकटवली की फॉन्ट मागे राहतो आणि आतली रोमन अक्षरं उघडी पडतात. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या किंवा पीडीएफ जोडा. ऊसबिलाबद्दलचा जुना पत्रव्यवहार अर्काइव्हमध्ये शोधायचा असेल तर युनिकोडशिवाय शोध लागत नाही, हे शेती विभागाला एकदा करून दाखवा.

देवनागरीत मेल पत्ता ठेवता येतो का? येतो. त्याचं तंत्र २०१२ मध्ये ठरलं आणि पोस्टफिक्समध्ये ३.० पासून आहे. पण समोरच्या सर्व्हरलाही ते यायला हवं. व्हिजिटिंग कार्डावर हौसेने छापा, सोबत रोमन पत्ताही ठेवा.

महापुरासाठी काय तयारी ठेवायची?

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. दोन्ही वर्षी ती ओलांडून पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. त्यामुळे सर्व्हर कोरडा असला तरी उपयोग नाही, अशी वेळ येते: वीज नाही, जनरेटरला डिझेल नाही, आणि तुम्ही नदीच्या अलीकडे तर सर्व्हर पलीकडे.

म्हणून सर्व्हर तळघरात किंवा तळमजल्यावर नको. बॅकअप त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर ठेवून भागत नाही, तो जिल्ह्याबाहेर हवा. ३९ फुटांचा इशारा आला की त्याच दिवशी शेवटचा बॅकअप बाहेर गेला का ते बघा, ४३ ची वाट बघू नका. डोमेनच्या पॅनेलचा पासवर्ड कोणाकडे आहे? तो एकट्या तुमच्याकडे असेल आणि तुमच्या घरात पाणी शिरलं असेल तर एमएक्स (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचे ती नोंद) बदलणार कोण? एमएक्सचा टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची ती मुदत) पावसाळ्यात कमी ठेवा, म्हणजे बदल लवकर पोहोचतो.

थोडा दिलासाही आहे. सर्व्हर बंद पडला म्हणून बाहेरून येणारे मेल लगेच परत जात नाहीत. पाठवणारे सर्व्हर बहुधा चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतात, पोस्टफिक्सची मूळ मुदत पाच दिवसांची आहे. तेवढ्यात कुठेतरी सर्व्हर उभा राहिला तर फारसं काही हरवत नाही. 'दुसरा एमएक्स ठेवू का' असं लोक विचारतात. ठेवलात तर स्पॅमची तपासणी आणि खात्यांची यादी तिथेही तितकीच पक्की हवी. स्पॅमवाले मुद्दाम दुसऱ्या दारानेच येतात.

झिंब्राच्या मोफत आवृत्तीत पैसे देणाऱ्यांसारखा खातेनिहाय बॅकअप नसतो. आणि नुसतं स्टोअर फोल्डर कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला, असं नाही. खाती एलडॅपमध्ये, मेलची यादी मारियाडीबीमध्ये आणि प्रत्यक्ष मेल स्टोअरमध्ये, तिन्ही एकाच क्षणाचे हवेत. सर्व्हिस थोडा वेळ बंद करून किंवा एलव्हीएमचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेऊन ते साधतं. दर तिमाहीला एखाद्या जुन्या मशीनवर तो बॅकअप उभा करून एक खातं उघडून दाखवा. न उघडलेल्या बॅकअपवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

सर्व्हरचं टीएलएस सर्टिफिकेट संपलं की सगळ्यांचे मोबाइल बोंबलतात.

नूतनीकरण आपोआप करा. फुकट मिळणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. नवीन फाइल आली तरी झिंब्रा ती स्वतःहून उचलत नाही, झेडएम-सर्ट-मॅनेजरने बसवून रीस्टार्ट करावं लागतं, आणि साखळीत रूट सर्टिफिकेटही जोडून द्यावं लागतं. विकत घेणाऱ्यांचाही 'वर्षातून एकदा' हा काळ संपला. कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे.

'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असा मेल आला आणि पैसे गेले. सर्व्हरची चूक का?

मेलचा हेडर (तो कुठून कसा आला त्या नोंदी) बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तुमचं किंवा ग्राहकाचं खातं फुटलेलं असू शकतं, किंवा मेल मिळत्याजुळत्या डोमेनवरून आलेला असू शकतो. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी टाकले तर घाईत कोणाला दिसतंय! डीमार्क तुमच्या डोमेनची नक्कल अडवतं, दुसऱ्या डोमेनला अडवत नाही. बाहेरून आलेल्या मेलवर ठळक पट्टी लावा. आणि खाते बदलाचा मेल आला की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करूनच पैसे सोडायचे, हा नियम अकाउंट्सच्या भिंतीवर लावा. पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला कळवणं. सर्व्हर नंतर बघू.

लॉग किती दिवस ठेवायचे?

१८० दिवस, तेही भारतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तसं आहे, आणि सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं बंधनही. जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटची जुळणी तपासा, आपोआप मिळालेली मुदत बहुधा यापेक्षा बरीच कमी असते. घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवा. दोन सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांचा फरक असला तर लॉग असून नसल्यासारखे.

नोकरी सोडून गेलेल्याचं खातं डिलीट करू का?

त्या दिवशी बंद करा, डिलीट नको. येणारे मेल त्याच्या जागी आलेल्या माणसाकडे वळवा. मुळात ग्राहकांना माणसाच्या नावाचा पत्ता देण्यापेक्षा 'डिस्पॅच', 'क्वालिटी' असे पत्ते द्या, त्यामागची माणसं बदलत राहू देत.

मालकांना सगळ्यांचे मेल गुपचूप बघायचेत. करून देऊ?

अॅडमिनला कोणाचाही मेलबॉक्स उघडता येतो आणि त्याची नोंद लॉगमध्ये राहते, तुमच्याच नावाने. कंपनीच्या मेलवर कंपनीची नजर असेल असं नियुक्तीपत्रात किंवा धोरणात लिहून घ्या, लेखी आदेश मागा, आणि शक्यतो ठरावीक खात्यांचं अर्काइव्हिंग उघडपणे चालू करा. तोंडी सांगण्यावरून करू नका.

'तुमचा मेल आलाच नाही' असं ग्राहक शपथेवर सांगतो. शोधायचा कसा?

मेल पाठवणाऱ्या आपल्या माणसाकडून वेळ आणि कोणाला पाठवला होता ते घ्या. मेल लॉगमध्ये ग्राहकाचा पत्ता शोधा, 'स्टेटस'ची ओळ सापडेल. 'डिफर्ड' असेल तर मेल अजून तुमच्याकडेच आहे, कारण पुढे लिहिलेलं असतं. 'बाउन्स्ड' असेल तर तुमच्याच माणसाला परतीचा मेल आलेला आहे आणि त्याने तो न वाचता उडवलाय. कोड चारने सुरू होत असेल तर तात्पुरती अडचण, पाचने होत असेल तर कायमचा नकार.

'सेंट' असेल तर घाई करू नका. झिंब्रात पहिलं 'सेंट' बऱ्याचदा अमाविसकडे दिल्याचं असतं, रिले म्हणून १२७.०.०.१ दिसेल. त्याच ओळीत 'क्यूड अॅज' पुढे नवा आयडी असतो, तो घेऊन पुन्हा शोधा. दुसऱ्या 'सेंट'च्या ओळीत ग्राहकाच्या सर्व्हरचं नाव, २५० हा कोड आणि त्यांनी दिलेला त्यांचा क्यू आयडी दिसतो. म्हणजे मेल त्यांनी सही करून घेतला. ती अख्खी ओळ, तारीख-वेळेसकट, ग्राहकाच्या आयटीवाल्याला पाठवा. त्यांचा आयडी हातात असला की त्याला त्याच्या लॉगमध्ये शोधायला दोन मिनिटं लागतात, आणि मेल बहुतेक वेळा त्यांच्या क्वारंटाइनमध्ये सापडतो.